ट्रॅक्टर उभा कुठे करायचा?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही. ज्वारीच्या भावावरही नाही. विषय ऐकून कुणी म्हणेल, एवढ्या लांबून एसटीने आलो, भाकरी बांधून आणली आणि हे काय सांगताहेत, तर ट्रॅक्टर उभा कुठे करायचा! पण विषय दिसतो तेवढा लहान नाही. या विषयापायी आमच्या भागात एक जीव गेला. तिथूनच सुरुवात करतो.

२०२२ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. पहिली वेचणी झालेली, दुसरी चालू. आमच्यातल्याच एका शेतकऱ्याने कापसाची ट्रॉली भरून रात्री गावाबाहेर डांबरी रस्त्याच्या कडेला उभी केली. पहाटे उठून बाजाराला न्यायची होती. ट्रॉलीच्या मागे दिवा नव्हता, लाल पट्टी नव्हती. चांदणे नव्हते. शेजारच्या गावचा बावीस वर्षांचा पोरगा दूध घालून मोटारसायकलवर परतत होता. समोरून आलेल्या गाडीच्या उजेडाने त्याचे डोळे दिपले आणि तो ट्रॉलीवर आदळला. दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

ट्रॉलीचा मालक कोण? आपल्या प्रत्येक बैठकीला सर्वांच्या आधी येऊन सतरंज्या टाकणारा माणूस. दारू नाही, भांडण नाही, कुणाचा रुपया बुडवलेला नाही. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्यात आम्ही त्याची बाजू घेत नाही. पण रात्री त्याच्या ओसरीवर बसलो तेव्हा त्याने एकच वाक्य म्हटले, ते आजही कानात आहे. म्हणाला, "मी पत्रे उतरवले नसते तर पोरगं वाचलं असतं."

कोणते पत्रे? ते सांगतो.

या गड्याचे घर जुन्या गावठाणात. आपली गावे कशी वसली ते तुम्हाला ठाऊक आहे. शेतीची ती काळी, वस्तीची ती पांढरी. काळीत पीक, पांढरीत माणूस. विभाग पाडण्याचे नियम सरकारने लिहिण्याच्या कितीतरी आधी आपल्या वाडवडिलांनी ही वाटणी केली होती, आणि ती शहाणपणाची होती. पांढरीतली बोळे बैलगाडीच्या मापाची. गाडी दारात सोडायची, बैल गोठ्यात बांधायचे, वखर, तिफन, डवरा भिंतीला टेकवायचा. एका वाड्यात एक गाडी. आता त्याच वाड्याचे चार वाटे झाले. दर वाट्याला मोटारसायकल, एखाद्याकडे ट्रॅक्टर, ट्रॉली, रोटाव्हेटर, मळणी यंत्र. बोळ मात्र तेवढेच. उलट कुणी ओटा पुढे ओढला, कुणी न्हाणी बाहेर काढली, म्हणून कमीच झाले.

तेव्हा या गड्याने विचार केला की ट्रॅक्टर वावरातच ठेवावा. आठ लोखंडी नळ्या रोवल्या, वर सोळा पत्रे टाकले, खाली मुरूम पसरला. एका बाजूला ट्रॅक्टर आणि ट्रॉली, दुसऱ्या बाजूला कडबा, कोपऱ्यात खताची पोती. महिनाभराने एक कर्मचारी वावरात आला. कोणत्या खात्याचा ते आम्ही सांगत नाही, नावही घेत नाही. त्याने शेडभोवती एक चक्कर मारली आणि विचारले, "एनए केलंय का? हे अनधिकृत बांधकाम आहे. दंड होईल, सातबाऱ्यावर नोंद होईल." नोटीस दिली नाही, कागद दिला नाही, कलम सांगितले नाही. सातबाऱ्याचे नाव निघाले की आपली छाती धडधडते. या गड्याने आठ दिवसांत आपल्या हाताने पत्रे उतरवले. ट्रॅक्टर परत गावात आला. बोळात ट्रॅक्टर शिरे, पण मागची ट्रॉली वळत नसे. म्हणून ट्रॉली रस्त्यावर.

भावांनो, कायदा काय म्हणत होता ते आपण त्या वेळी पाहिलेच नाही. आम्हीही पाहिले नाही, ही आमची चूक. पाहिले ते पोरगा गेल्यावर. ते आज तुमच्यापुढे मांडतो.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ सालचा. तो १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला. त्याआधी पश्चिम महाराष्ट्रात १८७९ चा मुंबईचा कायदा होता, विदर्भात मध्य प्रदेशाचा १९५४ चा आणि मराठवाड्यात निजामाचा, फसली १३१७ सालचा. तिन्ही मोडून हा एक केला. त्याच्या ४१ व्या कलमात म्हटले आहे की शेतीसाठी धारण केलेल्या जमिनीवर धारकाला शेतातील इमारत उभारण्याचा, विहीर किंवा तळे बांधण्याचा आणि शेती नीट व्हावी म्हणून इतर सुधारणा करण्याचा हक्क आहे. हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

आता शेतातील इमारत म्हणजे काय? त्याची व्याख्या कायद्याच्या सुरुवातीलाच दिली आहे. शेतीची अवजारे, खत किंवा वैरण ठेवण्यासाठी. शेतमाल ठेवण्यासाठी. गुराढोरांच्या निवाऱ्यासाठी. धारकाच्या कुटुंबाला, गड्यांना किंवा कुळांना राहण्यासाठी. आणि त्याच्या शेतीव्यवस्थेचा अविभाज्य भाग असलेल्या इतर कोणत्याही कामासाठी.

ट्रॅक्टर हे शेतीचे अवजार नाही तर काय देव्हाऱ्यातली समई आहे? कडबा ही वैरणच. खताची पोती हे खतच. म्हणजे त्या गड्याची सोळा पत्र्यांची शेड अक्षरशः कायद्यातले वाक्य वाचून बांधल्यासारखी होती. ती उतरवायला लावणाऱ्याकडे कलम नव्हते, म्हणून कागदही नव्हता.

पण आम्ही तुम्हाला अर्धे सांगून फसवणार नाही. याच कलमाला मर्यादा आहेत. शहरांच्या हद्दीत, त्यांच्याभोवती कायद्याने ठरवलेल्या अंतरात आणि प्रादेशिक योजना लागू असलेल्या भागात अशी इमारत उभारण्याआधी परवानगी घ्यावी लागते. तिथे जमीन किती, इमारत किती मोठी, उंच किती, याचीही मापे आहेत. गावठाणात बांधायचे तर ग्रामपंचायतीची परवानगी वेगळी. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही भाग सोडून राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली आहे. तिच्यातही विभागवार नियम आहेत. शहरात घर बांधले तर किती गाड्यांची जागा सोडायची याचे कोष्टकसुद्धा तिच्यात आहे. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा की आपला गट नंबर कोणत्या भागात येतो. त्याचे उत्तर चहाच्या टपरीवर मिळत नाही, अर्ज करून लेखी घ्यावे लागते.

दुसरी मर्यादा जास्त अवघड आहे, आणि तिच्यात पुढच्या काळातले भांडण दडले आहे. कायद्याने हक्क दिला तो त्या धारकाच्या शेतीपुरता. तुम्ही त्या शेडमध्ये भाड्याने चालणारा मालट्रक ठेवला, लोकांच्या गाड्या दुरुस्त करू लागलात, वाळूचे टिप्पर उभे केले, तर ती शेती नव्हे. तिथे बिगरशेतीचा प्रश्न येतो, आणि परवानगी नसेल तर दंडाचाही. यात गैर काही नाही असे वरवर वाटेल. पण आपल्या राज्यात २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे सरासरी धारण क्षेत्र आहे १.३४ हेक्टर. म्हणजे साडेतीन एकरांच्या आत. तेही कोरडवाहू. साडेतीन एकरांच्या वावराला स्वतंत्र ट्रॅक्टर परवडत नाही. जो घेतो तो दुसऱ्याची नांगरट करूनच हप्ता फेडतो. सरकारही तेच सांगते. अवजारे बँक काढा, पाच-दहा जणांनी मिळून यंत्रे घ्या, अनुदान देतो. एका हाताने अनुदान द्यायचे, आणि ती दहा जणांची यंत्रे एकाच्या वावरात ठेवली की दुसऱ्या हाताने विचारायचे, ही तुझ्याच शेतीची का? हा प्रश्न आजच्या कायद्याच्या शब्दांत लोंबकळत राहिला आहे. शब्द लिहिले तेव्हा अवजार म्हणजे नांगर-वखर होते. प्रत्येकाचे आपले, आपल्या गोठ्यात.

कायद्याला हे विचारायचे कारण काय पडले, तेही समजून घ्या. आम्ही १८७९ चा जुना मुंबई कायदा काढून पाहिला. त्याच्या ६५ व्या कलमात शेतातील इमारतींचा हक्क आहे आणि लगेच पुढे म्हटले आहे की जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर आधी कलेक्टरची परवानगी. ६६ व्या कलमात शिक्षा. परवानगीविना वापर केला तर दंड तर आहेच, शिवाय नुसत्या त्या तुकड्यावरून नव्हे, तो तुकडा ज्या सर्व्हे नंबरात आहे त्या सगळ्या नंबरावरून काढून टाकण्याचा अधिकार कलेक्टरला. एवढा राग कशाचा? शेजाऱ्याला धुराचा त्रास होईल म्हणून? रस्ता अडेल म्हणून? नाही. शेतीचा सारा कमी, बिगरशेतीचा आकार जास्त. जमिनीचा वापर बदलला आणि सरकारला कळले नाही तर तिजोरीचे नुकसान. नियमाचे मूळ तिथे आहे. राज्य गोऱ्याचे गेले, कायद्याचे नाव बदलले, २०१४ नंतर बिगरशेती परवानगीच्या पद्धतीत पुन्हा पुन्हा दुरुस्त्या झाल्या, पण प्रश्न विचारण्याची तऱ्हा तीच राहिली. वापर कोणता, एवढेच विचारायचे. त्या वापराने कुणाचे काय बिघडते, हे विचारायचे नाही.

तुम्ही म्हणाल, हे आपल्या देशातले रडगाणे. अमेरिकेसारख्या देशात मालक आपल्या जागेचा राजा असेल. आम्हालाही तसेच वाटत होते. म्हणून तिकडचे दोन खटले सांगतो. गाडी उभी करण्याच्या नियमांची तिकडे भलतीच वाढ झाली आहे, आणि त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे तसे टाळण्यासारखेही आहे.

ओहायो राज्यात क्लीव्हलँड शहराला लागून युक्लिड नावाचे गाव आहे. शहरातले कारखाने पसरत येत होते. गावाने १९२२ साली जमिनीचे विभाग पाडले. इथे घरे, इथे दुकाने, इथे कारखाने. एका जमीन कंपनीची ६८ एकर जागा त्यात सापडली. कंपनी म्हणाली, कारखान्याला विकली तर एकराला दहा हजार डॉलर येतात, घरांसाठी विकली तर अडीच हजार. हा आमच्या मालकीवर दरोडा आहे. खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९२६ साली निकाल लागला तो गावाच्या बाजूने. न्यायमूर्तींनी जो दाखला दिला तो तुम्हाला चटकन कळेल. डुकराचा गोठ्यात कुणाला उपद्रव नाही, दिवाणखान्यात आहे. वस्तू वाईट नसते, जागा चुकते. बघा, हे आपल्या काळी-पांढरीचेच तत्त्व झाले. इथपर्यंत आम्हाला तो निकाल पटतो.

पण एकदा विभाग पाडायची सवय लागली की हात थांबत नाही. फ्लॉरिडा राज्यात मायामीजवळ कोरल गेबल्स नावाचे टुमदार, श्रीमंत शहर आहे. त्या शहराने नियम केला होता की घरांच्या विभागात ट्रक, मालवाहू गाडी, ट्रेलर हे रात्री सातपासून सकाळी सातपर्यंत रस्त्यावर दिसता कामा नयेत, आणि स्वतःच्या आवारात ठेवायचे तर बंद गॅरेजात ठेवायचे. ट्रक म्हणजे आपला दहा चाकी नव्हे. मागे उघडा हौदा असलेली साधी पिकअप गाडीसुद्धा त्यात आली. तिथल्या एका रहिवाशाला २००३ साली घरासमोर पिकअप उभी केली म्हणून दंड झाला. ती मालवाहतुकीची नव्हती, घरच्या वापराची होती. धूर नाही, आवाज नाही, रस्ता अडलेला नाही. अपराध एकच, गाडी कष्टकऱ्याच्या गाडीसारखी दिसत होती. तेवढ्याच लांबीरुंदीची चकचकीत बंद मोटार असती तर कुणी हटकले नसते.

तो गडी कोर्टात गेला. २००७ साली अपील कोर्टाच्या तीन न्यायाधीशांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. शहराने पुन्हा दाद मागितली. २०१० साली त्याच कोर्टाच्या पूर्ण पीठाने निकाल फिरवला. शहराला आपले रूप राखण्याचा अधिकार आहे असे ठरले. कोर्टात हरलेली गोष्ट शेवटी मतपेटीत सुटली. नोव्हेंबर २०१२ मध्ये शहरातल्या मतदारांनी मत देऊन घरगुती पिकअपवरची बंदी उठवली.

यातून काय घ्यायचे? तिकडे नियमाने पाहिले ते रूप. इकडे नियमाने पाहिला तो सारा. दोन्हीकडे शेजाऱ्याचे खरोखर काय बिघडते हा प्रश्न बाजूला पडला. तिथल्याच शेतकऱ्यांना त्याची दुसरी बाजू भोगावी लागली. शहरातली माणसे शेतालगत घरे बांधून राहायला येतात आणि मग शेणाचा वास येतो, पहाटे यंत्राचा आवाज येतो म्हणून शेतकऱ्यावरच दावा लावतात. म्हणून आज तिथल्या पन्नासही राज्यांत शेती करण्याच्या हक्काचे कायदे आहेत. त्यांचे बारकावे राज्याराज्यात निराळे, पण गाभा असा की शेती आधीपासून होती, तुम्ही मागून आलात, तेव्हा केवळ शेतीचा उपद्रव होतो म्हणून तिला हलवता येणार नाही. तालुक्याच्या गावाबाहेर जिथे प्लॉट पडताहेत, तिथल्या आपल्या शेतकऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. त्यांच्याही धुऱ्याला उद्या बंगले येणार आहेत.

आम्ही नियमच नकोत असे म्हणत नाही. तसे म्हणालो तर त्या पोराच्या आईला काय तोंड दाखवणार? आमचे म्हणणे एवढेच की नियम लावायचा तो बिघाडावर. गाडीने कुणाची वाट अडते का? धुराने, आवाजाने, आगीच्या भीतीने शेजाऱ्याचे जगणे अवघड होते का? कुणाच्या जिवाला धोका आहे का? यातल्या एकाचे जरी उत्तर होय असेल तर मालकी आपली असली तरी गाडी हलवली पाहिजे. तिन्हींचे उत्तर नाही असेल तर गाडी कशी दिसते आणि कुणाच्या नावावर आहे, याच्याशी कुणाला कर्तव्य असू नये.

आणि ही कसोटी आधी आपल्यालाच लावू. सरकारला शिव्या देणे सोपे आहे. आपल्या गावात शाळेच्या दारात ट्रॉली कुणाची उभी असते? रात्री मळणी यंत्र वस्तीत लावून म्हाताऱ्यांची झोप कोण उडवतो? भरलेली कापसाची ट्रॉली चुलीच्या धुराड्याखाली कोण लावतो? एक ठिणगी पडली तर वर्षाची कमाई जाते, शेजारची दोन घरेही जातात. बाळंतिणीला न्यायला आलेली गाडी बोळात शिरली नाही, कारण पुढे रोटाव्हेटर पडला होता, असे आमच्या डोळ्यांदेखत घडले आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२२ वे कलम म्हणते की सार्वजनिक जागी धोका किंवा अडथळा होईल अशा रीतीने वाहन किंवा ट्रेलर उभा ठेवायचा नाही. हे कलम आपल्या विरुद्धचे नाही. ते कुणा दूधवाल्या पोराच्या बाजूचे आहे.

आता कुणी उठून विचारेल की शेड वावरात बांधायची हे ठीक, पण रात्री बॅटरी चोरीला जाते, डिझेल काढून नेतात, त्याचे काय? आणि आषाढ-श्रावणात काळ्या मातीत ट्रॅक्टर वावरापर्यंत पोचेल का? प्रश्न खरा आहे. चिखलात रुतलेला ट्रॅक्टर काढायला दुसरा ट्रॅक्टर न्यावा आणि तोही रुतावा, हा तमाशा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. म्हणजे ट्रॅक्टर कुठे उभा करायचा हा प्रश्न शेवटी पांदण रस्त्याशी येऊन थांबतो. पांदण मोकळी असेल, मुरूम पडलेला असेल, तर यंत्र काळीत राहील आणि पांढरीतली वाट मोकळी होईल. पांदणी अडवल्या कुणी? दरवर्षी धुरा एक तास पुढे सरकवणाऱ्या आपल्यातल्याच लोकांनी. अडवलेली वहिवाट मोकळी करायला १९०६ चा मामलतदार न्यायालयांचा कायदा आहे. बांधावरून नवी वाट मागायची तर महसूल कायद्याचे १४३ वे कलम आहे. दोन्हींचे अर्ज तहसीलदाराकडे करायचे. पण त्याआधी आपापला धुरा मागे घ्या. अर्जाला लागतो त्याच्यापेक्षा त्याला वेळ कमी लागतो.

शेवटी कामाचे सांगतो. या बैठकीतून गावी गेल्यावर पाच गोष्टी करायच्या.

पहिली. वावरात अवजारांची शेड आहे किंवा बांधायची आहे, त्याने आपला गट कोणत्या भागात येतो आणि तिथे परवानगी लागते का, हे तहसील कार्यालयाला लेखी विचारायचे. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची. परवानगी लागत असेल तर आधी घ्यायची, मग नळ्या रोवायच्या. लागत नसेल तरी शेडचे माप, जागा आणि आत काय ठेवणार याचा अर्ज तलाठी आणि ग्रामपंचायत दोघांना द्यायचा.

दुसरी. कुणी येऊन म्हणाला की हे अनधिकृत आहे, तर हात जोडून पाणी द्यायचे आणि म्हणायचे, साहेब, कलम लिहून द्या. लेखी नोटीस आली तर मुदतीत लेखी उत्तर द्यायचे. तोंडी हुकमावर एक पत्राही उतरवायचा नाही. आणि नोटीस आल्यावर एकट्याने रात्र काढायची नाही, आपल्या तालुक्याच्या कार्यकर्त्याकडे यायचे.

तिसरी. ग्रामसभेत ठराव घ्यायचा की गावात कोणत्या बोळात, कोणत्या वेळी, कोणती गाडी उभी करायची नाही. नियम आपणच केला तर पाळायला जड जात नाही. ज्यांना वावरात सोय नाही त्यांच्या यंत्रांसाठी गावठाणातली एखादी मोकळी जागा ठरवायची. गायरानाला मात्र हात लावायचा नाही. गुरांची जागा घेऊन यंत्रांची सोय करणे हा त्याच रोगाचा दुसरा प्रकार आहे.

चौथी. महिन्याभरात प्रत्येक ट्रॉलीच्या मागे दोन लाल आणि पुढे दोन पांढऱ्या चमकणाऱ्या पट्ट्या लावायच्या. त्यांची किंमत एका फवारणीच्या औषधापेक्षा कमी आहे. दिवाबत्ती नसलेली ट्रॉली रात्री रस्त्याच्या कडेला सोडायची नाही, मग सकाळी बाजारात नंबर मागे लागला तरी चालेल.

पाचवी सरकारकडे मागायची. शेतातील इमारतीच्या व्याख्येत एवढीच दुरुस्ती करा की शेतकऱ्यांनी मिळून घेतलेली किंवा एकमेकांच्या शेतीसाठी वापरली जाणारी यंत्रे कोणत्याही एका धारकाच्या वावरात ठेवली तरी तो शेतीचाच वापर समजावा. फार मोठी मागणी नाही, एका ओळीची आहे. अवजारे बँकेला अनुदान देणाऱ्याला ती नाकारता यायची नाही. या मागणीच्या अर्जावर आज इथून जाताना सह्या करून जा. अंगठाही चालेल.

तो ट्रॉलीचा मालक आज इथे बसला आहे. कुठे ते आम्ही दाखवणार नाही. त्याने परवानगीची चौकशी लेखी केली, लेखी उत्तर मिळवले आणि गेल्या उन्हाळ्यात शेड पुन्हा उभी केली. नळ्या त्याच, पत्रेही तेच. जुन्या भोकांत नवे खिळे बसत नव्हते, म्हणून डांबर लावून बुजवली. दर महिन्याला तो शेजारच्या गावी त्या पोराच्या घरी जातो. त्या घरी आता वावर कसणारे कुणी नाही. पेरणीच्या वेळी हा आपला ट्रॅक्टर नेऊन त्यांचे वावर पेरून देतो, पैसे घेत नाही. त्या दिवसांत ट्रॅक्टर त्यांच्याच वावरात, बाभळीखाली मुक्कामाला असतो.

आता कायद्याच्या शब्दाप्रमाणे तो ट्रॅक्टर त्या धारकाच्या शेतीव्यवस्थेचा अविभाज्य भाग आहे की नाही, हे कुणी साहेबाने आम्हाला लिहून द्यावे.

आम्ही थांबतो. सह्यांचा कागद दाराशी ठेवला आहे.